अण्णांच्या पाठीवरच्या तीन टिकल्या

मी दहावीत होते त्या वर्षी माझ्या वडलांच्या शर्टावर, पाठीच्या बाजूला, एकूण तीन टिकल्या सापडल्या. त्यातल्या दोन माझ्या होत्या.

वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. वडीगोद्रीला हमरस्त्यालगत त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं, आणि आमचं गाव तिथून चार किलोमीटर आत, कालव्याच्या पलीकडं. अण्णा इतके सरळमार्गी, की समोरून एखादी बाई आली तर ते आभाळाकडं बघत चालायचे. (त्या नादात दोनदा नालीत पडले होते. दोन्ही वेळा बायकांनीच हात देऊन बाहेर काढलं.) असल्या माणसाच्या पाठीवर टिकली सापडावी आणि त्यावरून आमच्या घरात अकरा दिवस अबोला चालावा, हे कुणालाही खरं वाटणार नाही. मी मात्र तो पहिल्या रांगेत बसून बघितला, आणि तो मीच घडवलेला होता.

सगळ्याचं मूळ एका खेळात आहे. आमच्या गणिताच्या सरांची बदली झाली होती आणि नवे सर यायचे होते. रोज एक तास मोकळा. मुलं मैदानावर पळायची. मुलींनी वर्गात शांत बसावं, असा नियम. आता सतरा मुली एका खोलीत रोज एक तास शांत बसल्या, तर त्यातून काहीतरी निघणारच. ते सुनंदाच्या डोक्यातून निघालं. सुनंदा वडीगोद्रीचीच, माझ्या बाकावर बसायची. डोळे सदा अर्धे मिटलेले, त्यामुळं सगळ्या शिक्षकांना ती गरीब वाटायची.

"सतरा चिठ्ठ्या करायच्या," ती म्हणाली. "कंपासच्या झाकनात टाकायच्या. जिला ज्या पोरीची चिठ्ठी निघंल, तिनं त्या पोरीच्या पाठीला टिकली चिकटवायची. तिला कळू न देता. दिवे लागेपर्यंत तिला कळलं न्हाई, तर ती बाद. मंग तिची चिठ्ठी आपली."

"अन् कळलं तर?"

"तर टिकली वाया गेली. शेवटाला जी ऱ्हाईल ती जिंकली."

(दिवे म्हणजे कंदील. लाइटीचा भरवसा धरून आमच्या भागात कुणी नियम करत नसे.)

आणखी एक नियम होता: हा खेळ बाहेरच्या कुणालाही सांगायचा नाही. आईला नाही, बहिणीला नाही, देवालाही नाही. जी सांगेल ती तिथल्या तिथं बाद. कारण एकदा का हे बाईंच्या कानावर गेलं, की खेळही बंद आणि टिकल्याही जप्त.

बक्षीस असं होतं, की बाद झालेल्या सोळा जणींनी मिळून जिंकणारीची विज्ञानाची प्रयोगवही आकृत्यांसकट पूर्ण करून द्यायची. बाकीच्यांसाठी हे बक्षीस होतं, माझ्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न होता. मी काढलेल्या बेडकाखाली सरांनी 'पचनसंस्था बरी आहे, भागांना नावे द्या' असा शेरा मारला होता.

त्या आठवड्यापासून आमच्या शाळेतल्या मुली बदलल्या. मागच्या बाकांसाठी भांडणं व्हायला लागली, कारण मागच्या बाकाच्या मागं भिंत असते. प्रार्थनेला कुणी पुढं उभं राहीना. पाण्याच्या टाकीवर एक जण पाणी प्यायची तेव्हा दुसरी तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहायची, आणि तरीही दोघींचा एकमेकींवर विश्वास नसायचा. शिक्षकांच्या खोलीतून बाहेर पडताना मुली तोंड सरांकडं ठेवून मागं मागं चालत दाराबाहेर जायच्या. मुख्याध्यापकांना वाटलं, हा आदर आहे. त्यांनी एका शनिवारी सगळ्या मुलांना उभं करून सांगितलं, "मुलींकडून शिका. वडीलधाऱ्यांना पाठ दाखवायची नसते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही."

मी ह्या खेळात इतकी तयार होईन, असं मलाही वाटलं नव्हतं. बाकीच्या पोरी टिकल्यांचं पाकीट कंपासमध्ये ठेवायच्या आणि वेळेवर शोधत बसायच्या. मी मात्र उजव्या हाताच्या तर्जनीवर एक टिकली कायम उलटी धरून ठेवायचे, गोंदाची बाजू वर. जेवताना, लिहिताना, वर्गात बोट वर करतानासुद्धा. (बाईंनी एकदा विचारलं, "बोटाला काय लागलं?" मी म्हणाले, "भाजलं." बाईंनी मला दोन दिवस फळा पुसू दिला नाही.) कपाळावरच्या बारक्या काळ्या टिकल्या कापडावर धड चिकटत नाहीत, हे लवकरच लक्षात आलं. म्हणून अण्णांच्या दुकानाशेजारी मीराबाईंचं कटलरीचं दुकान होतं, तिथून मी मोठ्या टिकल्यांचं एक पाकीट आणलं. मीराबाई बांगड्या, रिबिनी, टिकल्या असलं सगळं विकायच्या. त्यात लांबुळक्या मरून रंगाच्या टिकल्या होत्या आणि मधोमध खडा बसवलेल्या हिरव्याही होत्या. दोन आठवड्यांत मी सहा पोरी बाद केल्या.

अण्णा रोज सकाळी मला स्कूटरवर मागं बसवून वडीगोद्रीला शाळेत सोडायचे आणि मग दुकान उघडायचे. आमच्या गावापासून हमरस्त्यापर्यंतचा रस्ता म्हणजे खड्डेच खड्डे, मधूनमधून डांबर. एका सोमवारी कालव्याच्या पुलाजवळ स्कूटर अशी उडाली, की मी दोन्ही हातांनी अण्णांची पाठ गच्च धरली. शाळेत उतरल्यावर बघते तर बोटावरची टिकली गायब. वाटलं, वाऱ्यानं गेली असेल. मी दुसरी लावली आणि विसरले.

संध्याकाळी आई कपडे भिजवायला बसली होती. माझी आई कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू लावणारी. टिकली तिनं आयुष्यात लावली नव्हती. तिच्या मते टिकली म्हणजे कुंकवाचा आळस.

तिनं शर्ट उलटा केला आणि थांबली.

"हे काय हाय?"

अण्णा ओसरीवर चहा पीत होते. त्यांनी वाकून बघितलं. "टिकली दिसून राह्यली."

"ते मला बी दिसून राह्यलंय. कुनाची हाय?"

"मला काय माहीत? उडून आली आसंल."

"टिकलीला पंख असतेत का?"

अण्णा हसले. इथं त्यांचं चुकलं. नवरा-बायकोच्या बोलण्यात नवऱ्यानं नेमकं कधी हसू नये, हे त्यांना लग्नाला वीस वर्षं होऊनही कळलं नव्हतं. आईनं टिकली हलकेच काढली आणि काड्यापेटीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली.

मी पुस्तकात डोकं घालून बसले. सांगावंसं वाटलं, नाही असं नाही. पण सांगितलं की मी बाद. आणि एका टिकलीनं काय होतंय, दोन दिवसांत आई विसरेल, असा मी हिशेब केला. माझं गणित कच्चं होतं, त्यात सरांची बदली झालेली.

स्कूटरवर टिकली धरायची नाही, असं मी ठरवलं होतं, आणि तीन दिवस पाळलंही. पण शुक्रवारपर्यंत खेळात आम्ही चौघीच उरलो होतो, आणि शाळेच्या फाटकातच घात व्हायला लागले होते. उतरल्या उतरल्या तयार असणं भाग होतं. म्हणून शुक्रवारी मी पुन्हा बोटावर टिकली धरून बसले, हात जपून मांडीवर ठेवला. अगदी शाळा दिसेपर्यंत सगळं ठीक होतं. मग एक म्हैस रस्त्यात आली. अण्णांनी ब्रेक दाबला आणि माझा हात जिथं जायला नको होता तिथंच गेला. ह्या वेळी मला ते कळलंही. उतरल्यावर मी टिकली काढायला हात पुढं केला तोवर अण्णा स्कूटर वळवून दुकानाकडं निघून गेले होते. हिरवी खड्याची टिकली पांढऱ्या शर्टावर उन्हात चमकत लांब लांब जाताना मी फाटकात उभी राहून बघत होते. आणि तेवढ्यात एकीनं माझ्या पाठीला टिकली लावायचा प्रयत्न केला.

त्या संध्याकाळपासून अबोला सुरू झाला.

आमचं घर तीन खोल्यांचं. त्यात अबोला धरायचा तर मध्ये एक माणूस लागतो. तो माणूस मी होते.

"रंजे, तुझ्या बापाला इचार, भाकर वाढू का."

अण्णा समोरच, हातभर अंतरावर बसलेले. "सांग तिला, वाढ म्हनावं."

"अन् हे बी इचार, का भाइर जेवून आले."

"रंजे, मी कुठं भाइर जेवन करतो? चार गोण्या युरिया अन् एक कुलूप, येवढंच हाय तिथं."

"तिथं शेजारी काय काय हाय ते मला माहीत हाय, म्हनावं."

शेजारी मीराबाई होत्या. मीराबाई चाळिशीच्या, एकट्या, जोरात हसणाऱ्या, आणि त्यांच्या कपाळावर रोज नवीन टिकली. दुकानच टिकल्यांचं म्हटल्यावर त्या दुसरं काय लावणार? पण संशयाला हे कोण सांगणार?

अण्णांचं वागणं तर अगदीच बिघडलं. निर्दोष माणूस घाबरला, की गुन्हेगारापेक्षा जास्त काम करतो. अण्णांनी दुसऱ्या दिवशी स्वतःची पथारी स्वतः गुंडाळली. तिसऱ्या दिवशी आईच्या आधी उठून हापशावरून पाणी भरलं. अख्ख्या गावात हापशावर घागर घेऊन उभा राहिलेला पहिला पुरुष म्हणजे माझे वडील. बायकांनी त्यांना आधी नंबर दिला, आणि ते आभाळाकडं बघत हापसत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी ज्वारीचं दळण आणलं. आई फक्त म्हणाली, "रंजे, सांग, उद्याला घागरी तीन लागतील. पाव्हने येनार हायेत." कुणी पाहुणे आले नाहीत.

आणि त्याच दिवशी आई दुपारच्या जीपनं वडीगोद्रीला गेली. एकटी. काड्यापेटी घेऊन.

मला हे मधल्या सुट्टीत कळलं. एका पोरीनं सांगितलं, "तुझी आई मीराबाईच्या दुकानात बसलीय." मी धावत गेले आणि खांबाआडून बघितलं. वाटलं, आता झिंज्या धरतील. पण आई शांत बसली होती. मीराबाई काहीतरी सांगत होत्या. आई ऐकत होती. मग तिनं हात पुढं केले आणि डझनभर हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. जी बाई भांडायला जाते आणि बांगड्या भरून घेते, तिच्या मनात काहीतरी भयंकर असतं. शत्रूचा पुरता अंदाज घेऊन ही परत चालली, असं मी ठरवून टाकलं.

घरी आले तर आईनं माळ्यावरची ट्रंक खाली काढलेली. तिचं माहेर पिंपळगाव रेणुकाईला, पार भोकरदनकडं. ती ट्रंक फक्त माहेरी जातानाच खाली यायची.

"आई, कुठं चाल्लीस?"

"संक्रात होऊ दे. मंग बघू."

त्या रात्री मी पहिल्यांदा गंभीरपणे सांगायचा विचार केला. पण दुसऱ्याच दिवशी आमच्यातल्या दोघी एकदम बाद झाल्या, आणि खेळात राहिल्या दोनच: मी आणि सुनंदा. सोळा जणी माझी वही लिहिणार आणि त्यांच्यातली सोळावी फक्त बाकी! संक्रांत चार दिवसांवर होती. तोवर सुनंदाला बाद करते आणि मग लगेच आईला सगळं सांगते, असं मी मनाशी म्हटलं. आईबापाचा संसार मी चार दिवसांच्या उधारीवर ठेवला. आता हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी आईनं हळदीकुंकू ठेवलं. दर वर्षी पाच-सहा बायका यायच्या. ह्या वर्षी तिनं पंचवीस जणींना सांगितलं, थेट वडीगोद्रीपर्यंत. मीराबाईंना सांगितलं. सुनंदाच्या आईलाही सांगितलं. मला डाव लगेच कळला. हळदीकुंकवाला प्रत्येक बाईच्या कपाळाला हात लावता येतो! पंचवीस कपाळं ओळीनं समोर, आईच्या हातात कुंकवाची कोयरी आणि कमरेला काड्यापेटी. पोलिसांनासुद्धा ओळख परेडीसाठी इतकं चांगलं निमित्त सुचलं नसतं.

त्या सकाळी आई मला म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, वानाच्या वाट्या कमी पडून राह्यल्या. दुकान जल्दी बंद करून घेऊन या म्हनावं. अन् येताना तुला अन् सुनंदाला बी आना. तिची माय मीराबाईसंगट जीपनं फुडं येऊन राह्यली."

शाळा सुटल्यावर अण्णा स्कूटर घेऊन फाटकाशी आले, हँडलला वाट्यांची पिशवी. मी आणि सुनंदा स्कूटरजवळ गेलो आणि दोघीही थांबलो. मागं एकच लांब सीट. जी मध्ये बसेल तिची पाठ दुसरीच्या तोंडासमोर, चार किलोमीटर.

"तू बस आधी," सुनंदा म्हणाली.

"न्हाई, तू बस. तू पाव्हनी हायस."

"मी बारीक हाय, मी शेवटी बसते."

"बारीक मानसानं मधीच बसावं, पडत न्हाई."

अण्णा कंटाळले. "कुनी बी बसा, न्हाईतर मी चाल्लो. तिकडं वाट बघून राह्यलेत." आणि घाईघाईनं म्हणाले, "अन् ही पिशी धरा कुनीतरी, हँडल हालून राह्यलंय."

मी झडप घालून पिशवी घेतली. "पिशवीवाली शेवटी बसती," मी म्हणाले. सुनंदा मध्ये बसली. बसताना तिनं माझ्याकडं जे बघितलं, ते मी अजून विसरलेले नाही.

पहिल्या खड्ड्याला मी थांबले. दुसऱ्या खड्ड्याला थांबले. तिसऱ्याला स्कूटर उडाली, सुनंदा पुढं जाऊन अण्णांच्या पाठीवर आदळली, आणि त्याच क्षणी मी तिच्या ओढणीच्या टोकाखाली, पाठीच्या बरोबर मध्यावर मरून टिकली लावली. इतकी हलकी, की माशीलासुद्धा कळलं नसतं. सूर्य उसाच्या शेंड्यांपर्यंत उतरला होता. दिवे लागायला फार तर अर्धा तास. मी मनात वहीची पानं उलटायला लागले.

घरी ओसरी बायकांनी भरली होती. काळी साडी नेसून आई दारात उभी. मीराबाई पहिल्या ओळीत, कपाळाला कुंकू लागलेलं, म्हणजे त्यांची तपासणी झालेली. सुनंदा आत गेली ती सवयीनं भिंतीला पाठ लावायला, पण भिंतीशी सगळ्या म्हाताऱ्या बसलेल्या. ती मध्येच उभी राहिली. अण्णा आभाळाकडं बघत उंबऱ्यापर्यंत आले, माझ्याकडून पिशवी घेऊन आत ठेवली आणि पळ काढायला वळले.

ओसरीतल्या सगळ्या बायका त्यांच्या पाठीकडं बघायला लागल्या.

अण्णांच्या पाठीवर चंद्रकोर होती. सोनेरी चमकीची, बोटाएवढी मोठी.

ही टिकली माझी नव्हती! माझ्या पाकिटात चंद्रकोर नव्हतीच. मी दोनदा आठवून बघितलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलासुद्धा अण्णांचा संशय आला. मी त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की माझ्याच लेकीनं माझ्याकडं असं बघितलं तर मी घर सोडेन.

मीराबाई पुढं वाकल्या. "अगं बाई. हे डिझाइन तर माझ्याकडं बी न्हाई."

आईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. ती रडत होती, ह्यात मला काही शंका नव्हती.

अण्णांना कळेचना, सगळ्या आपल्याकडं का बघतायत. मग कळलं. त्यांनी एक हात खांद्यावरून टाकला, दुसरा कमरेकडून, दोन्ही पोहोचेनात. ते तसेच गोल फिरले. "कुठं हाय? काढा की कुनीतरी." कुणी उठलं नाही. मग हात खाली सोडून, पंचवीस बायकांसमोर, आभाळाकडं न बघता, सरळ आईकडं बघून ते म्हणाले, "देवाशपथ, मला बिलकुल काही माहीत न्हाई. तू मला इतक्या वर्साची वळखतीस."

माझी नजर सुनंदाच्या हातावर गेली. तिच्या तर्जनीच्या टोकाला सोनेरी चमकी होती. तीही टिकली धरूनच बसली होती, आणि खड्ड्यात तिचा हात अण्णांवर गेला होता.

आता पुरावा होता, आणि तो सुनंदाच्या पाठीवर होता. पण तो दाखवला की सुनंदाला टिकली कळणार, आणि खेळ सांगितला की मी बाद. आत चुलीजवळ कुणीतरी कंदिलाची काच पुसत होतं. अजून पाच मिनिटं गप्प राहिले असते, तर मी जिंकले असते. मी किती वेळ विचार केला ते सांगत नाही. एवढंच सांगते, की कंदिलाची काच पुसून झाली आणि वात वर करायला घेतली, तोवर मी विचारच करत होते. मग अण्णांनी पुन्हा एकदा आपली पाठ चाचपली, आणि मला ते बघवेना. खूप वाईट वाटलं. ह्या माणसानं नऊ दिवस हापशावर पाणी भरलं ते माझ्या एका बोटापायी.

"आई, अण्णांचं काही न्हाई," मी ओरडले. "ते आम्हीच केलं." आणि सुनंदाला दोन्ही खांद्यांना धरून गर्रकन फिरवलं. "ही बघ."

सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, बोट, पूल, म्हैस. सांगता सांगता रडायलाही आलं. बायकांनी तोंडाला पदर लावले, मग पदर सोडून हसायला लागल्या. एक म्हातारी दुसरीची पाठ तपासायला लागली. मीराबाई तर भिंतीला टेकूनच हसल्या. सुनंदानं पाठीवरची टिकली स्वतः ओढून काढली आणि आपल्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "दिवा लागायच्या आधी कळलं मला. अन् तू भाइर सांगितलंस. तू बाद."

मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. अण्णा उंबऱ्यावर बसले होते, कुणीतरी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला होता आणि ते लहान पोरासारखे हसत होते. आज आपण एक मोडणारं घर वाचवलं, असं मला वाटत होतं. प्रयोगवही म्हणजे काय, एक वही.

बायका गेल्यावर मी आईच्या मागं स्वयंपाकघरात गेले. ती वाट्या पुसत होती. मी तिच्या गळ्यात पडणार होते.

"आई, तू आता माहेरी न्हाई ना जानार?"

"माहेरी? मी कामून जाऊ माहेरी?"

"मंग ट्रंक?"

"काळी साडी त्यातच व्हती."

आईनं दाराकडं बघितलं, अण्णा ओसरीवर आहेत ह्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "पह्यली टिकली दिसली तवा वाटलं थोडं. दुसरी दिसली तवा लई वाटलं. मंग मीराबाईला इचारायला गेल्ते. ती म्हनली, वहिनी, हे पाकीट तर तुमचीच रंजी घेऊन गेल्ती. शाळंतल्या समद्या पोरी नेऊन राह्यल्या, काय खेळ हाय म्हनं."

"म्हणजे तुला तवापासून माहीत हाय?"

"मंग."

"अन् तरी तू बोलत न्हवतीस अण्णांशी?"

आईनं हातातली वाटी खाली ठेवली. माझ्याकडं असं बघितलं, की सुनंदाचं बघणं त्यापुढं मायेचं वाटावं.

"वीस वर्सात पह्यल्यांदा त्या मानसानं पानी भरलं, रंजे. दळन आनलं. पथारी उचलली. अजून आठ दिसात भाकरी थापाया शिकले असते. तुला कुनी बोलायला सांगितलं व्हतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आरामात उठले, पथारी तशीच सोडून ओसरीवर बसले आणि खणखणीत आवाजात चहा मागितला. आईनं त्यांना चहा दिला. मग दोन्ही घागरी उचलून माझ्या समोर ठेवल्या. माझं लग्न होईपर्यंत त्या घरचं पाणी मीच भरलं, आणि तेव्हापासून कुणाचाही संसार वाचवायची वेळ आली, की मी आधी त्या घरात पाणी कोण भरतंय ते विचारून घेते.